पूररेषा, भराव आणि अलमट्टी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

निळी आणि लाल रेषा म्हणजे नक्की काय? (कराड)
निळी म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे 100 वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित.

सांगलीत नदीकडे प्लॉट घेतोय. एजंट म्हणतो, 2005 ला इथे पाणी नव्हते, शिवाय पाच फूट भराव टाकलाय, एनएही (बिगरशेती) आहे. घेऊ का?
हाच प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, कारण प्लॉट उन्हाळ्यातच दाखवतात. 2005 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 53 फुटांवर गेले होते, 2019 ला 57 च्या वर. तेव्हा 2005 चा दाखला कशाला? ‘25 वर्षांतून एकदा’ म्हणजे पुढची 25 वर्षे निर्धास्त, असेही नाही. दर वर्षी शंभरात चारची शक्यता असते. 2019 नंतर 2021 ला पुन्हा पाणी आलेच की! आणि भरावाचे म्हणाल, तर तुमच्या भरावाने हटवलेले पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्याकडे सरकते. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी, सांगलीत कृष्णेकाठी असे शेकडो भराव पडले, ओढे बुजले, आणि प्रत्येक नगरपालिका आपल्या हद्दीपुरते पाहत राहिली. नदीला तालुक्याची वेस कळत नाही. म्हणून पूररेषा अख्ख्या खोऱ्याच्या प्रादेशिक आराखड्यात असायला हवी, असे मी नोकरीत असल्यापासून सांगतोय. एनएचा कागद म्हणजे पूररेषेचा दाखला नव्हे. गट नंबर घेऊन पाटबंधारे आणि नगररचना, दोन्ही कार्यालयांत नकाशा पाहा, वकिलाला दाखवा. तोवर टोकन देऊ नका.

पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळेच येतो ना? (शिरोळ)
व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. 2019 च्या पुरानंतरच्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोषी धरले नाही. कोयना, वारणा आणि पंचगंगा यांचे पाणी तुमच्या नृसिंहवाडीपर्यंत एकत्र होते, हे आधी ध्यानात घ्या. पण म्हणून प्रश्न मिटत नाही. धरणाची पातळी 519.6 वरून 524.256 मीटरवर नेण्याला आपला आक्षेप आहे, आणि पावसाळ्यात दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी विसर्गाचे आकडे एकमेकांना वेळेत कळवलेच पाहिजेत. पूर ओसरल्यावर बैठक घेऊन काय उपयोग?

नदीवरची मोटर कधी काढावी? (पलूस)
विसर्गाचा इशारा आला त्याच दिवशी. पातळी किती वाढेल ते तलाठ्याला विचारा, भावकीला नको.