‘थ्रू’ला मराठीत काय म्हणायचं?

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीचे सेक्रेटरी परवा जिन्यात भेटले. हातात नोटिशीचा कच्चा मसुदा. “काका, ‘थ्रू’ला मराठीत नेमका शब्द कोणता? द्वारे, मार्फत, तर्फे, करवी… सगळे सारखेच ना? म्हणून मी सरळ ‘माध्यमातून’ टाकलंय.”

टाकलं होतं खरंच, आणि तेही तीनदा: ‘सोसायटीच्या माध्यमातून रविवारी टाक्यांची सफाई एजन्सीच्या माध्यमातून करण्यात येणार असून शुल्क ऑनलाइनच्या माध्यमातून भरावे.’

जिन्यात उभ्याउभ्या जमलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहितो.

हे सगळे शब्द सारखे नाहीत, याचा पुरावा गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर असतो. ‘श्री. अमुक यांजकडून’, खाली ‘हस्ते’, आणि तळाशी ‘मंडळातर्फे आभार’. पैसे ज्यांचे ते ‘यांजकडून’. आणून देणारा, म्हणजे बहुधा घरातला धाकटा मुलगा, तो ‘हस्ते’. आणि सही करणारा स्वतःसाठी नव्हे तर मंडळाच्या बाजूने सही करतो, म्हणून ‘तर्फे’. वीतभर कागदावर तीन माणसांच्या तीन भूमिका वेगळ्या ठेवल्या आहेत. इथे तिन्ही ठिकाणी ‘माध्यमातून’ घालून बघा. वर्गणी कोणी दिली तेच कळणार नाही.

आता ‘मार्फत’. हा मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला. मूळ अर्थ ओळख, जाण. ‘उर्फ’ आणि ‘तारीफ’ हे त्याच धातूतले भाऊबंद. जुन्या लिखाणात ‘त्यांच्या मारफतीने’ असा नामासारखा वापर दिसतो. ओळखीचा हा वास अजून गेलेला नाही. ‘मामांमार्फत नोकरी लागली’ म्हटलं की मामांची तिथे ओळख होती हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच मार्फतला मधे जबाबदार माणूस किंवा संस्था लागते: बँकेमार्फत, वकिलामार्फत, मुख्याध्यापकांमार्फत. सरकारी अर्जावर ‘प्रति’च्या खाली ‘मार्फत’ लिहून वरिष्ठांचं पदनाम घालतात, तेव्हा अर्ज त्यांच्या नजरेखालून पुढे जाणार असतो. ‘पाइपमार्फत पाणी’ कानाला खटकतं ते यामुळेच. पाइपाची कुणाशी ओळख नसते.

‘तर्फे’तला ‘तरफ’ म्हणजे बाजू. कोर्टातलं एक वाक्य घ्या: आरोपीने वकिलामार्फत अर्ज केला आणि वकिलाने आरोपीतर्फे युक्तिवाद केला. शब्दांची अदलाबदल केली तर वकीलच आरोपी होऊन बसेल. (ठाणे, रायगडकडच्या सात-बाऱ्यावर गावाच्या नावात ‘अमुक तर्फे तमुक’ असतं, त्याचा या बाजू घेण्याशी संबंध नाही. तिथे तरफ हा महसुलाचा जुना विभाग. अमुक गाव कोणत्या तरफेतलं, एवढंच त्यातून कळतं.)

‘करवी’ला क्रियापद ‘करवणे’च्या जातीचं लागतं आणि हुकूम वरून खाली यावा लागतो. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकरवी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हे बरोबर. पण सेक्रेटरींनी ‘चेअरमनसाहेबांकरवी निरोप धाडला’ असं लिहिलं तर पुढच्या मीटिंगला चहा मिळायचा नाही. गंमत म्हणजे त्या कोशाचा खटाटोप फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी होता, तरी मार्फत आणि तर्फे आजही कचेरीत ठाण मांडून आहेत.

‘द्वारे’ म्हणजे दारातून. कागद, यंत्र, पद्धत यांना तो शोभतो: पत्राद्वारे, धनादेशाद्वारे. नोकरीला लागल्यावर मी कोपरीत एका खोलीत भाड्याने राहायचो, तेव्हा वडिलांच्या पत्रांवर माझ्या नावाखाली ‘द्वारा’ आणि पुढे घरमालकांचं नाव असायचं. पत्र खरोखर त्यांच्या दारातूनच यायचं, तेव्हा शब्द अगदी चपखल. पण ‘समितीद्वारे घेण्यात आलेला निर्णय’ हे काही मराठी वळण नव्हे. ‘समितीने घेतलेला निर्णय’ म्हणा. निम्म्या ठिकाणी ‘थ्रू’चं काम आपला साधा ‘ने’ करतो, आणि बाकीच्या निम्म्यातलं बरंचसं ‘वरून’, ‘कडून’, ‘हातून’. फोनवरून कळलं. माझ्या हातून चूक झाली. आईच्या तोंडून ऐकलं. नाकावाटे औषध द्या. बसच्या पाटीवरच्या ‘व्हाया’ला ‘मार्गे’ आहेच: ठाणे ते बोरिवली, घोडबंदरमार्गे.

मग ‘माध्यम’ टाकाऊ आहे का? अजिबात नाही. मध्ये राहून वाहून नेणारं ते माध्यम. आवाजाला हवेचं माध्यम लागतं, शिकायला भाषेचं, चित्रकाराला तैलरंगाचं. मराठी माध्यमाची शाळा ‘मराठीमार्फत’ चालत नाही. शब्द चांगला आहे, पण त्याला सगळीकडे जुंपलं कोणी? माझा संशय चौकातल्या फ्लेक्सवर आहे. ‘यांच्या माध्यमातून रस्त्याचे काँक्रिटीकरण’. पैसे त्यांचे नाहीत म्हणून ‘यांजकडून’ लिहिता येत नाही, घमेली ठेकेदाराच्या माणसांनी उचलली म्हणून ‘यांनी केले’ही म्हणता येत नाही. नाव तर मोठ्या अक्षरात हवंच. अशा अडचणीत ‘माध्यमातून’ फार सोयीचा. सोसायटीच्या नोटिशीला तसली अडचण नाही, तिथे कोण काय करणार ते स्वच्छ लिहावं.

आणि हो, हे सगळे शब्द जोडून लिहायचे. ‘एजन्सी मार्फत’ नव्हे, ‘एजन्सीमार्फत’. शब्दयोगी अव्यय आहे, सुटं ठेवू नये.

शेवटी लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागलं ते असं: ‘सोसायटीतर्फे रविवारी एजन्सीमार्फत टाक्यांची सफाई करून घेतली जाईल. शुल्क ऑनलाइन भरावे.’

संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला. “काका, ‘ऑनलाइन’च्या पुढे काहीच लावलं नाहीत? ‘द्वारे’ राहिलं का?”

म्हटलं, काल तुम्ही दूधवाल्याचे पैसे कसे दिलेत?

“जीपे केले.”

त्यात कुठे ‘द्वारे’ होतं?