रविवारी उपासना, सोमवारी शिवी

प्रश्न : मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मुकादम आहे. रविवारी उपासनेत डोळे भरून येतात. सोमवारी धागा तुटून माग थांबला की तोंडून शिवी बाहेर. प्रभूकडे क्षमा मागतो, पुन्हा तेच. माझं तारण, म्हणजे पापातून सुटका, खरी आहे ना?

उत्तर : भाऊ, शिवी झोंबते ना? मग घाबरू नका. मनात आहे ते चांगलं हातून होत नाही, अशी तक्रार खुद्द प्रेषित पौलानं बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात केली आहे. आपण मात्र तिथंच पुस्तक मिटतो. 8व्यात पवित्र आत्म्याचं साहाय्य आहे, तेही वाचा.

आता थोडं कडू बोलतो. क्षमा तुम्ही प्रभूकडे मागता. ज्या कामगाराला शिवी दिली, त्याच्याकडे मागितलीत का? मत्तय 5:23-24 मध्ये येशू सांगतो, अर्पण वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर. शिवी चारचौघांत दिली असेल तर माफीही चारचौघांतच. मी चर्चचा पाळक असूनही घरी चहा गार मिळाला की ओरडायचो. लेकीसमोर बायकोची माफी मागावी लागली, तेव्हा जीभ पहिल्यांदा अडखळली. नुसत्या प्रार्थनेनं ती इतकी अडखळली नव्हती, खरं सांगतो.

आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली उपाशीपोटी उभे राहू नका. भूक ही सबब नाही, पण डबा वेळेवर खा. चर्चच्या मंडळीतल्या एका विश्वासू माणसाला दर शनिवारी आठवड्याचा हिशेब द्या, शिव्या मोजून.