नळ बंद करायचा तर तोंडी सांगून चालतं का?

तुम्ही विचारलंय की नळ आठ-दहा दिवसांनी येतो, पाणीपट्टी मात्र अख्ख्या वर्षाची घेतात, घरी बोअर आहे म्हणून नळ कायमचा बंद करायचा विचार आहे, आणि नगरपरिषदेत एक ओळखीचे आहेत, त्यांना तोंडी सांगितलं तर चालेल का. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम सोडून लिहायला बसले. नाही चालत. ओळखीचा माणूस सख्खा असू द्या, तरी चालत नाही. आमच्या घरात याच एका गोष्टीपायी 27 हजार रुपये गेलेत आणि माझं नि मोठ्या भाऊजींचं बोलणं वर्षभर बंद होतं.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. 2012 साली पाऊस गेला तेव्हा सासऱ्यांनी (आम्ही त्यांना मामा म्हणतो) दारात बोअर घेतला. नशिबानं दोन इंची पाणी लागलं. नळ तेव्हा बारा-पंधरा दिवसाला यायचा, तोही रात्री दोन-तीनला, टिपाडं भरायला सगळं घर उठायचं. बोअर झाल्यावर घरात ठरलं की नळाचे वर्षाला 1,800 रुपये कशाला भरायचे, बंद करून टाकू. 2013 मध्ये मामांनी नळाच्या पाइपात लाकडी खुंटी सुतळी गुंडाळून ठोकली आणि मोठे भाऊजी पाणीपुरवठ्याच्या साहेबांना सांगून आले. त्यांचं त्या ऑफिसात रोजचं उठणं-बसणं. मी तेव्हा नवीन होते घरात तरी म्हणलं, भाऊजी, एक अर्ज देऊन टाका ना. तर म्हणले, "मी बोललोय की सायबाला. तो आपलाच माणूस हाय. कागद कशाला पाहिजे?" मामा काही बोलले नाहीत. विषय संपला.

मग 2016 आलं. तेव्हा मराठवाड्यात जे राहत होते त्यांना त्या उन्हाळ्याचं सांगायची गरज नाही. मांजरा धरण कोरडं, लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी, पहिली गाडी एप्रिलमध्ये आली ती दहा वॅगनची, पाच लाख लिटरची. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून त्याआधी मार्चमध्ये लातुरात जमावबंदी लावली होती. आमचा बोअर फेब्रुवारीतच बंद पडला. मोटर चालू केली की नुसता हवेचा फुसफुस आवाज. तेव्हा मी शेजारच्या काकूंच्या नळावर घागर घेऊन बसायचे, त्यांचा नळ वीस दिवसाला का होईना पण यायचा. काकूंनी कधी नाही म्हणलं नाही, पण दुसऱ्याच्या दारात पाण्यासाठी बसायला कसं वाटतं ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. म्हणून तुम्ही विचारलं नाही तरी सांगते, नळ बंद करू नका. बोअरचा भरवसा धरू नका. आज पाणी आहे म्हणून उद्या असेल असं आपल्याकडच्या जमिनीत नसतं. नंतर परत जोडणी घ्यायची म्हणलं की अनामत, रस्ता खोदाईचे पैसे, प्लंबर, सगळं पहिल्यापासून.

आता मूळ गोष्ट. मामा 2023 च्या दिवाळीनंतर वारले. घर त्यांच्या नावावर, म्हणून 2024 च्या उन्हाळ्यात वारस नोंदीसाठी मी नगरपरिषदेत गेले. आमचे हे चाकणला कंपनीत, त्यांना सुट्टी मिळत नाही, भाऊजींना वेळ नाही, म्हणून सगळं माझ्याच अंगावर. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, सगळं घेऊन गेले. खिडकीतल्या माणसानं कॉम्प्युटरवर बघितलं नि म्हणला, मॅडम, घरपट्टी क्लिअर आहे पण पाणीपट्टी अकरा वर्षांची थकलीय. मूळ 19,800 आणि शास्तीसकट, म्हणजे थकबाकीवरच्या दंडासकट, 45 हजारांच्या वर. मी म्हणलं, नळच नाही आमच्याकडे. तो म्हणला, "रेकॉर्डला चालू दिसतंय."

हे तीन शब्द ज्यांनी ऐकलेत त्यांना कळेल. समोर माणूस उभा राहून सांगतोय की नळ नाही, पण रेकॉर्डला चालू आहे म्हणल्यावर नळ आहे. थकबाकी भरल्याशिवाय नोंद होणार नाही म्हणला. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती असते, म्हणजे वर्षाला चोवीस, म्हणजे चार-सव्वाचार वर्षांत मुद्दलाएवढी शास्ती. लोक हजार-दोन हजारांच्या बिलाकडे दुर्लक्ष करतात आणि तिकडं ते वाढत राहतं.

घरी येऊन भाऊजींना सांगितलं. ते म्हणले मी सांगितलं होतं तेव्हा. मी म्हणलं कुणाला? ते साहेब कधीच बदलून गेलेत, दोन साहेब त्यांच्यानंतर येऊन गेले. त्यांनी दोघा-तिघांना फोन केले, सगळ्यांनी "बघतो, करू काहीतरी" म्हणलं. दोन महिने तेच. ओळख ही माणसाशी असते आणि माणूस बदलून जातो. टेबल आणि रजिस्टर तिथंच राहतं.

मग मी मामांची पत्र्याची पेटी उघडली. मामा फार बोलायचे नाहीत पण एकही कागद फेकायचे नाहीत. लाकडी ठोकळ्यात उभी केलेली एक तार होती, तिला घरपट्टीच्या सगळ्या पावत्या खोचलेल्या, खालच्या पार पिवळ्या पडलेल्या, मधोमध गंजाचं गोल भोक. एकेक काढून फरशीवर मांडल्या. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, वृक्ष कर, सगळ्या रकान्यात आकडे. पाणीपट्टीच्या रकान्यात 2012-13 पर्यंत 1,800 आणि त्यापुढं दरवर्षी आडवी रेघ. दरवर्षी नगरपरिषदेनं आमच्याकडून पैसे घेतलेत आणि एकदाही पाणीपट्टी मागितली नाही. मला वाटलं झालं काम. पण खिडकीतला माणूस म्हणला, मागितली नाही म्हणजे माफ होत नाही. आणि यात तो चुकीचा नव्हता, हे मला मान्य करावं लागलं.

तेव्हा माहितीचा अधिकार टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, एकाच विषयाचं विचारायचं आणि अर्ज दीडशे शब्दांच्या आत बसवायचा, एवढं पाळलं की झालं. मी विचारलं की आमच्या गल्लीत 2018 ला नवी पाइपलाइन टाकली तेव्हा कोणकोणत्या घरांचे नळ नव्या लाइनला जोडले त्याची यादी द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, सव्वीसाव्या दिवशी आलं. एका पानाचे दोन रुपये असे 38 पानांचे 76 रुपये भरले. त्या यादीत आमच्या डाव्या बाजूचं घर होतं, उजव्या बाजूचं होतं, आमचं नव्हतं. म्हणजे 2018 पासून आमच्या घरात नगरपरिषदेचा एक थेंब येणं शक्य नव्हतं, आणि हे त्यांच्याच कागदावर.

ती यादी जोडून मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज लिहिला आणि स्थळ पाहणी मागितली. दोन प्रती नेल्या. आवक-जावकच्या टेबलावरचा माणूस म्हणला ठेवून जा, वर पाठवतो. मी म्हणलं पोच द्या. तो म्हणला पोच कशाला, मी आहे ना. मी तिथंच उभी राहिले. मागं रांग लागली, लोक कुरकुर करायला लागले, तरी हलले नाही. शेवटी त्यानं ड्रॉवरमधून शिक्का काढला, पॅड वाळलेलं होतं, शिक्क्यावर तोंडानं हाऽ करून माझ्या प्रतीवर दाबला, अर्धाच उठला. मी म्हणलं आवक क्रमांक आणि तारीख पेनानं टाका. टाकली. तो अर्धा जांभळा शिक्का मी अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय.

पंधरा दिवसांनी व्हॉल्वमन आला पाहणीला. म्हातारा माणूस, मामांना ओळखणारा. भिंतीपाशी बसून त्यानं खिळ्यानं माती खरवडली तर जुन्या जीआय पाइपाचं गंजलेलं तोंड निघालं आणि त्यात ती मामांनी ठोकलेली लाकडी खुंटी, सुतळीसकट. त्यानं कागदावर लिहिलं, "जागेवर नळ जोडणी चालू असल्याचे आढळून येत नाही", सही केली, मी सही केली, शेजारच्या काकूंनी पंच म्हणून सही केली. 2018 नंतरची सगळी पाणीपट्टी निघून गेली. पण 2013 ते 2018 ची पाच वर्षं राहिली, कारण तेव्हा जुनी लाइन गल्लीतून जात होती आणि आम्ही बंद करा असं लेखी दिलेलं नव्हतं. मूळ 9 हजार आणि शास्ती त्याच्या दुप्पट. तेच ते 27 हजार. 2013 ला एक पानाचा अर्ज आणि त्यावर एक शिक्का असता तर शून्य. भाऊजी अजून म्हणतात की तो साहेब असता तर हे झालंच नसतं. ते हे वाचत असतील तर वाचू द्या, मी तोंडावरही हेच म्हणलंय. अर्धे पैसे त्यांनी दिले ते मोठ्या मनानं दिले, तेवढं खरं. पण चूक ओळखीची होती, साहेबांच्या बदलीची नव्हती.

तर तुमचं. पाणी कमी येतं तरी वर्षाची पट्टी का, तर आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गावांत नळाला मीटर नाही, जोडणीच्या आकारावर, म्हणजे अर्धा इंची का पाऊण इंची यावर, वर्षाचा ठोक दर असतो. तुम्ही वर्षाला पाणी किती घेतलं हे कुणी मोजतच नाही. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पाणी पुरवणं हे 1965 च्या नगरपरिषद कायद्यात त्यांच्या आवश्यक कर्तव्यांत येतं, तेव्हा आठ दिवसाला पाणी देऊन पूर्ण पैसे घेण्यावर बोललंच पाहिजे, पण ते लेखी तक्रार करून आणि वॉर्डातल्या दहा-वीस घरांच्या सह्या घेऊन. पट्टी न भरता बसणं हा काही निषेध नाही, दोन टक्के तुमच्याच बोकांडी बसतात.

आणि सगळं ऐकूनही नळ बंदच करायचा असेल तर नळजोडणी तात्पुरती किंवा कायमची खंडित करणं ही नगरपरिषदेच्या ठरलेल्या सेवांच्या यादीत आहे, लोकसेवा हक्क कायदा 2015 मध्ये. कोणती सेवा किती दिवसांत, अधिकारी कोण, अपील कुणाकडं, हे ऑफिसात बोर्डावर लावणं बंधनकारक आहे. आमच्याकडं तो बोर्ड कपाटामागं होता, तुमच्याकडं शोधा. अर्जाची पोच देणं त्यांना बंधनकारक आहे, तुम्ही काही उपकार मागत नाही. वेळेत झालं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो, हे नुसतं अर्जात लिहिलं तरी फरक पडतो. आपले सरकार पोर्टलवरून केलं तर अर्ज क्रमांक मिळतो, तोही पोचच समजा, स्क्रीनशॉट न काढता प्रिंट काढा.

अर्ज देऊन थांबू नका. जोडणी जागेवर तोडल्याचा कागद घ्या, आणि पुढच्या वर्षीच्या बिलातून पाणीपट्टी काढून टाकली का ते बघा. काढली नसेल तर लगेच लेखी द्या, अकरा वर्षं थांबू नका.

एक सांगायचं राहिलं, हे सगळं नगरपरिषदेचं सांगितलंय. ग्रामपंचायत असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडं (आधी ग्रामसेवक म्हणायचे) चौकशी करा, तिथली पद्धत वेगळी. तुमचं गाव अलीकडं ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेलं असेल तर जुनी रजिस्टरं नीट आलीत का तेही बघा. शास्ती माफीची अभय योजना अधूनमधून येते, थकबाकी असेल तर भरण्याआधी एकदा विचारा, मी विचारलं नव्हतं. आणि नगरपरिषदेचा उतारा हा कराचा उतारा आहे, त्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नसतं, सिटी सर्व्हे असेल तर भूमी अभिलेखला वारसाची नोंद वेगळी करावी लागते. आमची ती अजून बाकी आहे.

अर्जात घर क्रमांकासोबत नळ जोडणीचा क्रमांक लिहायला विसरू नका, दोन्ही वेगळे असतात. आमच्या जुन्या पावतीवर तो डाव्या कोपऱ्यात पेनानं लिहिलेला होता, तुमच्याही जुन्या पावतीवर तिथंच कुठंतरी असेल.