डोक्याला मार, विस्कळीत जबाब आणि तपास

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या बहिणीवर पाच आठवड्यांपूर्वी ओळखीच्या माणसाने बलात्कार केला. त्याने गळा दाबला, डोकं भिंतीवर आपटलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला. गुन्हा नोंदला आहे, पण तिला घटनेचा क्रम सांगता येत नाही, डोकं सतत दुखतं. पोलीस म्हणतात, ‘जबाब जुळत नाही, केस टिकणार नाही.’ काय करावं?

उत्तर : ताई, आधी दवाखाना. गळा दाबताना मानेतल्या रक्तवाहिनीला आतून चीर गेली असेल, तर आठवड्यांनंतरही पक्षाघात होऊ शकतो. बोलणं अडखळलं, एका बाजूची ताकद गेली किंवा मान-डोकं असह्य दुखलं, तर लगेच कॅज्युअल्टी गाठा. तसं नसलं तरी याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. गळा दाबला होता हे स्वतःहून सांगा, कारण वळ नसला की कुणी विचारत नाही. आणि गळा दाबूनही वळ न उमटणं नेहमीचं आहे. ती बेशुद्ध पडली होती का, कपड्यांत लघवी झाली होती का, आवाज बसला होता का, गिळताना दुखायचं का, हे सगळं केसपेपरवर लिहून घ्या. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं. मेंदूला बसलेला हादरा बहुधा दिसत नाही. एमआरआय लागेल का ते विचारा. स्मरणशक्ती आणि लक्ष यांची न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी मात्र लेखी अहवालासह कराच. पीडितेवर मोफत उपचार करणं सरकारी-खासगी सर्व रुग्णालयांवर बंधनकारक आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९७).

हे कागद अर्जासोबत तपास अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. पुरवणी जबाब मागा. विसरणं या इजेमुळे असू शकतं का, यावर डॉक्टरांचं लेखी मत घ्यायला सांगा. कलमवाढही मागा. बलात्कार करताना जबर दुखापत केली किंवा जीव धोक्यात आणला, तर न्याय संहितेचं कलम ६४(२)(एल) लागतं. किमान शिक्षा १० वर्षं. इजेमुळे १५ दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा रोजचे व्यवहार करता आले नाहीत, तर ती जबर दुखापत (कलम ११६). म्हणून तिच्या रजेची नोंद आणि औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. गळा कसा आणि किती दाबला यावरून खुनाच्या प्रयत्नाचं कलम १०९ लावण्याची मागणीही करा.

आता घरच्यांसाठी. तिच्याकडून जबाब पाठ करून घेऊ नका. पढवलेला साक्षीदार उलटतपासणीत पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो. ‘हे आठवत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. रिकामी जागा अंदाजाने भरली, की विसंगती तिथेच तयार होते. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब झाला नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३(६) दाखवा. तात्पुरत्या मानसिक वा शारीरिक अक्षमतेतही विशेष शिक्षकाची मदत आणि व्हिडिओ चित्रण मिळतं आणि तो जबाब खटल्यात सरतपासणी (उलटतपासणीआधीची मुख्य साक्ष) म्हणून धरला जातो. त्यामुळे ती थकली की थांबण्याची विनंती तिथेच करा.

पोलीस ठाण्यात दाद मिळाली नाही, तर पोलीस अधीक्षकांना (शहरात आयुक्तांना) लेखी कळवा, नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. सरकारी वकिलांच्या मदतीला न्यायालयाच्या परवानगीने स्वतःचा वकील देता येतो. मनोधैर्य योजनेच्या अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा आणि मेंदूच्या इजेचा अहवाल अर्जाला जोडा.