बी पेशी शून्य, तरी ‘बँड’ कसे?

ताई, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, यात प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूवर उलटते) हा टी पेशींचा आजार असेल तर रिटुक्सिमॅब हे औषध बी पेशी (टी आणि बी या दोन्ही प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) का मारतं, आणि त्या शून्य झाल्यावरही मणक्याच्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड (तपासणीत उमटणारे अँटिबॉडींचे पट्टे) का दिसतात, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, तुमच्यासारखाच सलाईनची खुर्ची अडवणारा पेशंट आहे.

मायलिनवर (नसांच्या वेष्टणावर) चालून जाणाऱ्या टी पेशी खऱ्याच. म्हणून तर त्यांना मेंदूत शिरू न देणारं नॅटालिझुमॅब आणि लसिकाग्रंथींत अडकवून ठेवणारं फिंगोलिमोड चालतं. (ही दोन्ही औषधं बी पेशींनाही अडवतात, ते सहसा कुणी सांगत नाही.)

२००८ साली रिटुक्सिमॅबची १०४ पेशंटवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एमआरआयवरचे नवे डाग काही आठवड्यांतच झपाट्याने कमी झाले होते. अँटिबॉडी इतक्या लवकर उतरत नाहीत. अँटिबॉडी बनवतात त्या बी पेशींपासूनच तयार झालेल्या प्लाझ्मा पेशी, आणि औषध ज्या सीडी२० या खुणेवर बसतं ती त्यांच्यावर नसतेच. म्हणजे बी पेशींचा मुख्य गुन्हा अँटिबॉडी बनवण्याचा नसावा. त्या टी पेशींना मायलिनचे तुकडे दाखवतात, दाह वाढवणारी रसायनं सोडतात. थोडक्यात, काड्या घालतात. पण बी पेशी दाबल्या की काम झालं, इतकं सोपंही नाही. ॲटासिसेप्ट हे औषधही बी पेशींच्याच मागे होतं, पण त्याने एमएसचे ॲटॅक (लक्षणं अचानक उसळणं) वाढले आणि चाचणी थांबवावी लागली. काही बी पेशी दाह आवरतातही, त्या गेल्या असाव्यात असं एक स्पष्टीकरण आहे.

बँड बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी मेंदूच्या आवरणांत ठाण मांडून असतात आणि रिटुक्सिमॅब रक्तातून तिथे जेमतेम पोचतं. तेव्हा बँड राहिले म्हणजे औषध फसलं असं नाही. ते पाहायला पुन्हा पाठीत सुई टोचून घेऊ नका. ॲटॅक आणि एमआरआय बघा.

ॲटॅक नसताना पाय हळूहळू जड होत असतील तर गोष्ट वेगळी. तिथे मेंदूतल्याच मायक्रोग्लिया या प्रतिकारशक्तीच्या पेशींवर संशय आहे. जुन्या डागांच्या कडेला त्या धुमसत राहतात. रिटुक्सिमॅबसारख्याच ओक्रेलिझुमॅबला २०१७ मध्ये अमेरिकेत प्रायमरी प्रोग्रेसिव्ह (सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या) एमएससाठीही मान्यता मिळाली, पण तिथला फायदा माफकच.

पुढच्या डोसआधी आयजीजी (रक्तातल्या मुख्य अँटिबॉडीचं प्रमाण) तपासून घ्या, वर्षानुवर्षं घेतलं की ते उतरू शकतं. हिपॅटायटिस बीची तपासणी पहिल्या डोसआधी झाली होती ना, तेही फाइलमध्ये बघा.