तो तंगूस ओढू नका

कासव किनाऱ्याला लागलंय, जिवंत आहे, शेपटीखालून वीतभर तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, लोंबतोय आणि मदत येईपर्यंत तो हलकेच ओढून काढावा का, असं तुम्ही विचारलंय. नका ओढू. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी पशुवैद्य नाही. बरीच वर्षं कासवांच्या बचावात हातभार लावतोय, तेवढ्याच अनुभवावर लिहितोय. तुमच्या जवळच्या केंद्रातले डॉक्टर वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका. सावली, ओला कपडा, नाकपुड्या मोकळ्या, कुत्री आणि गर्दी लांब, हे तुम्ही केलंच असेल.

मला सापडलेलं हिरवं कासव होतं, परातीएवढं, पाठीवर शेवाळ साचलेलं. डोळ्यांतून चिकट पाणी येत होतं. लोक म्हणाले रडतंय. ते रडणं नसतं, डोळ्यांजवळच्या ग्रंथी अंगातलं जादा मीठ बाहेर टाकतात. शेपटीखाली तुमच्यासारखाच तंगूस.

मी फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, कासव वाळूत आहे की पाण्यात? भरतीच्या रेषेवर होतं. वाळू एका खात्याची, पाणी दुसऱ्याचं. दुसऱ्यांनी परत पहिल्यांचाच नंबर दिला. मग फोटोसह लेखी कळवा म्हणाले. यात साडेतीन तास गेले. कोणी आलं नाही याचा राग आता उरलेला नाही. पण एवढ्या फोनांत एकानेही "दोऱ्याला हात लावू नका" एवढं एक वाक्य सांगितलं नाही, हे अजून सलतं. ते वाक्य सांगायला कुठली हद्द लागते?

मग मीच ओढला. पहिली चार बोटं सहज आला, म्हणून धीर आला. मग अडकला. आणखी ओढलं तेव्हा आतून काहीतरी रबरासारखं ताणलं गेल्याचं बोटांना कळलं. कासवाने मान उचलून जोरात श्वास सोडला. तिथे तरी थांबायला हवं होतं. नाही थांबलो. दोरा तुटला, आतला भाग आतच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं.

शवविच्छेदनाच्या वेळी डॉक्टरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. नाडी ओढली की नेफ्याला चुण्या पडतात ना, ट्रेमधलं आतडं तसं दोऱ्यावर गोळा झालं होतं. दोऱ्याचं वरचं टोक गाठ होऊन जठरात अडकलेलं. आतडं अन्न पुढे ढकलायला आकसतं, पण दोरा जागचा हलत नाही, मग आतडंच त्याच्यावर चढत जातं आणि प्रत्येक चुणीला दोरा करवतीसारखा कापतो. काही चिरा जुन्या होत्या. काही ताज्या. ताज्या माझ्या. डॉक्टर म्हणाले, नाहीतरी ते वाचणं कठीणच होतं. त्या वाक्याच्या आड मी लपत नाही.

कासवाला प्लास्टिक थुंकून टाकता का येत नाही, असंही तुम्ही विचारलंय. त्यांच्या घशात आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. गिळलेलं पाणी बाहेर काढताना भक्ष्य निसटू नये म्हणून. एकदा आत गेलेली पिशवी त्यामुळे सहसा परतत नाही. आणि "जेलीफिश समजून खातात" ही अर्धीच गोष्ट आहे. समुद्रात राहून शेवाळ धरलेल्या प्लास्टिकचा वाससुद्धा त्यांना अन्नासारखा वाटतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लॉगरहेड कासवांनी अशा प्लास्टिकच्या वासाला अन्नाच्या वासासारखाच प्रतिसाद दिला होता. २०१८ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासाचा अंदाज असा की पोटात १४ तुकडे असले तर मरण्याची शक्यता ५० टक्क्यांवर जाते. पण एका तुकड्यानेही आतडं बंद होऊ शकतं, तेव्हा "थोडंसंच खाल्लंय" यावर विसंबू नका.

थोडं विषयांतर. २०१५ मध्ये कोस्टा रिकाजवळ एका ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाच्या नाकातून स्ट्रॉ काढतानाचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला आणि स्ट्रॉवर बंदी यायला त्याची मदत झाली. चांगलंच झालं. पण माझ्या हाताखालून गेलेली अडकलेली कासवं बहुतेक करून जाळ्यांच्या तुकड्यांत आणि नायलॉनच्या दोरांतच होती. टाकून दिलेल्या जाळ्यांबद्दल स्ट्रॉच्या निम्म्यानेही कोणी बोलत नाही, हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. "विघटनशील" लिहिलेल्या पिशव्यांवरही भरवसा ठेवू नका. कासवांच्या पोटातल्या पाचक द्रवात तसली पिशवी ४९ दिवस ठेवून पाहिली, तर वजन फक्त ३ ते ९ टक्के घटलं होतं.

आता तुमच्याकडे. कोणीतरी "समुद्रात सोडा, बरं होईल" म्हणेलच. सोडू नका. आतडं तुंबलं की आत वायू साठतो, कासव तरंगत राहतं, बुडी मारता येत नाही आणि बोटीखाली सापडतं. बादलीत, टाकीतही ठेवू नका, अशक्त कासव पाण्यात बुडून मरतं. उचलायची वेळ आली तर कवच दोन्ही बाजूंनी धरा, फ्लिपरला, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाला, धरून नाही, आणि उलटं ठेवू नका. तंगूस शेजारी पट्टी धरून फोटो काढा आणि दर अर्ध्या तासाने किती बाहेर आहे ते वेळेसकट लिहून ठेवा. श्वास कधी घेतला तेही. डॉक्टर आल्या आल्या हेच विचारतील. आणि फोनवर कोणी हद्द विचारली, तर आधी त्यांच्याकडून डॉक्टरांचा नंबर घ्या, मग उत्तर द्या.