दातांची गोष्ट : १८ हजारांचा ब्रश घ्यावा का?

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझं वय ६७, पत्नीचं ६३. मुलगा दिवाळीला घरी येतोय आणि आम्हा दोघांना इलेक्ट्रिक टूथब्रश घेऊन देणार म्हणतोय. त्याने पसंत केलेल्या ब्रशची किंमत आहे १८ हजार. मोबाइलला जोडता येतो, कुठे घासलं आणि कुठे राहिलं ते पडद्यावर दिसतं म्हणे. मी आयुष्यभर हार्ड ब्रश वापरला. खसाखसा घासल्याशिवाय मला तोंड स्वच्छ वाटतच नाही. हल्ली थंड पाण्याने तीन-चार दात शिवशिवतात. पत्नीच्या उजव्या अंगठ्याचा सांधा आखडला आहे, पोळ्या लाटतानाही दुखतो. तिला मधुमेह आहे, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. मुलाला नको म्हणावं तर तो हिरमुसतो, आणि दात घासायला १८ हजार मला पटत नाहीत. या महागड्या ब्रशने खरंच फरक पडतो का? — वि. ग., सुदामानगर, इंदूर

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र वाचताना मी वहिनींच्या अंगठ्यापाशी थांबले. जिला लाटणं धरताना कळ येते, तिला ब्रश धरतानाही येत असणार. खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, ब्रश न्यायला मनगट वळवावं लागतं आणि अंगठ्याने जोर धरावा लागतो. तिथे हात पोचत नसेल तर कीटण साठतं, हिरडी सुजते आणि रक्त येतं. म्हणून आधीच सांगते : इलेक्ट्रिक ब्रश जरूर घ्या, वहिनींसाठी तर नक्कीच. १८ हजारांचा मात्र नको.

हे मी घरात अनुभवलेलं आहे. माझ्या सासूबाईंना संधिवात होता. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात त्या रोज पहाटे मोरीशी उभ्या राहून दात घासायच्या. कुणाची मदत घ्यायच्या नाहीत, आणि आम्हीही कधी डोकावून पाहिलं नाही. घरात दातांची डॉक्टर असून माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली. एकदा पोळीचा तुकडा चावताना त्या कळवळल्या, तेव्हा मी टॉर्च घेऊन पाहिलं. खालच्या पुढच्या चार दातांच्या मागे कीटणाची अखंड पट्टी जमली होती आणि हिरडी जांभळट झाली होती. पुढून मात्र दात लख्ख! बोटं वाकडी झाल्यामुळे ब्रश आत वळतच नव्हता, आणि त्या ते सांगत नव्हत्या. मी सायकलच्या दुकानातून हँडलची रबरी मूठ आणली, तिच्यात साधा ब्रश खोचून दिला. पकड सुधारली, मनगट मात्र तसंच. मग इलेक्ट्रिक ब्रश आणला. जाड दांडा मुठीत धरायचा आणि नुसता दातांवरून हळूहळू न्यायचा, एवढंच काम उरलं. तीन महिन्यांत रक्त थांबलं. अर्थात, आधी मी कीटण काढलं होतं. ते कुठल्याच ब्रशने निघत नाही, हजाराच्या नाही आणि वीस हजारांच्याही नाही.

या यंत्राचा जन्मही अशाच हातांसाठी झाला. १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ब्रॉक्सोडेंट नावाचा पहिला इलेक्ट्रिक टूथब्रश निघाला, तो ज्यांच्या हातांच्या हालचालींवर मर्यादा आहेत अशा रुग्णांसाठी आणि दातांना तारा लावलेल्यांसाठी. धडधाकट माणसांनी तो चैनीची वस्तू म्हणून नंतर उचलला.

आता फरक पडतो का, याबद्दल. वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये ५६ प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यांत पाच हजारांवर माणसं होती. साध्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिक ब्रशने दातांवरचा चिकट थर, ज्याला आम्ही प्लाक म्हणतो, तो एक ते तीन महिन्यांत ११ टक्के कमी आढळला, आणि तीन महिन्यांपुढे २१ टक्के. हिरड्यांची सूज पहिल्या टप्प्यात ६ आणि पुढे ११ टक्के कमी. म्हणजे फरक आहे, पण चमत्कार नाही. शिवाय ही तुलना साधा ब्रश आणि विजेचा ब्रश यांची आहे. तीन हजारांचा आणि १८ हजारांचा, अशी नाही. वरचे १५ हजार जातात रंगीत पडद्याला, मोबाइलच्या जोडणीला, पाच-सात प्रकारच्या गतींना आणि प्रवासाच्या सुबक डबीला. माझ्याकडे असे ब्रश घेतलेले बरेच जण येतात. पहिले पंधरा दिवस ते मोबाइल बेसिनशेजारी ठेवतात, मग ठेवत नाहीत.

दोन गोष्टी मात्र मला खरोखर मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे दोन मिनिटांचं घड्याळ, जे दर ३० सेकंदांनी थरथरून सांगतं की आता जबड्याचा दुसरा कोपरा घ्या. दोन मिनिटं किती लांब असतात ते घड्याळ लावून घासल्याशिवाय कळत नाही. बहुतेकांचा हात पाऊण मिनिटातच नळाकडे जातो. दुसरी गोष्ट खास तुमच्यासाठी आहे : दाब ओळखणारी सोय. जास्त जोर दिला की लाल दिवा लागतो, काही ब्रश गतीही कमी करतात.

तुम्हाला ती का हवी ते सांगते. आज आरशासमोर उभे राहा, ओठ बाजूला ओढा आणि डाव्या बाजूच्या सुळ्यावर हिरडीकडून खाली नख फिरवा, मग त्याच्या मागच्या दोन दातांवर. नख एखाद्या खाचेत अडकतं का? कुऱ्हाडीने फांदीला घाव घालावा तशी ती खाच असते. उजव्या हाताने जोर लावणाऱ्यांना ती बऱ्याचदा डावीकडे आढळते, कारण तिथे हाताला सगळ्यात जास्त जोर मिळतो. दाताच्या मुकुटावर कठीण इनॅमल असतं. हिरडी मागे सरली की मूळ उघडं पडतं, आणि ते बरंच मऊ असतं. हार्ड ब्रश आणि खरखरीत दंतमंजन मिळून ते वर्षानुवर्षं कोरत राहतात. गेलेलं इनॅमल परत येत नाही, त्यात जिवंत पेशीच नसतात. तुमची शिवशिव बहुधा इथूनच येते, तरी दात किडलाय का हे पाहिल्याशिवाय मी ठामपणे म्हणणार नाही. मी प्रत्येक नव्या रुग्णाला सांगते, घरचा ब्रश घेऊन या. तीन आठवड्यांतच ज्याचे केस जुन्या केरसुणीसारखे बाहेर वळले असतील, त्याच्या दातांत काय दिसणार हे मला तोंड उघडण्याआधीच कळतं.

तर मुलाला सांगा : चार्ज होणारा, घड्याळ आणि दाबाची सोय असलेला, मऊ केसांचा ब्रश बघ. अडीच-तीन हजारांपासून असे ब्रश मिळू लागतात. पेन्सिल सेलवर चालणारे आणखी स्वस्त असतात, पण सेल उतरत जातो तशी त्यांची गती मंदावते. ते मी घेऊ देणार नाही. गोल डोकं अर्धवट फिरवणारा घ्यावा की लांबट डोकं वेगाने थरथरवणारा, ज्याला सोनिक म्हणतात, यावर फार डोकं शिणवू नका. कॉक्रेनच्या आढाव्यात गोल फिरणाऱ्याचा पुरावा अधिक भक्कम होता, म्हणून माझा कल तिकडे. ज्यांच्या हिरड्या हुळहुळ्या आहेत त्यांना थरथरणारा सौम्य वाटतो. वहिनींनी दुकानात दोन्ही दांडे मुठीत धरून बघावेत. बटण अंगठ्याने दाबायला जड जात असेल तर तो ब्रश परत ठेवा, बाकी कितीही चांगला असला तरी.

खरा खर्च मात्र हेडचा, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या ब्रशच्या डोक्याचा, आणि तिथेच माणसं फसतात. हेड दर तीन महिन्यांनी बदलायचं. एका हेडचे ३०० रुपये धरले तर दोघांचे वर्षाला आठ हेड, म्हणजे २४०० रुपये. पाच वर्षांत १२ हजार. ब्रश स्वस्त मिळाला म्हणून घेतला आणि हेड महाग निघालं, असं होऊ देऊ नका. सासूबाईंच्या ब्रशचं वेगळंच झालं. दोन वर्षांनी कंपनीने ते मॉडेल बंद केलं, आणि दुसरं कुठलंच हेड त्या दांड्यावर बसेना. चांगला चालणारा दांडा मी कपाटात ठेवून दिला, आणि त्या बिचाऱ्या पुन्हा सायकलच्या मुठीवर आल्या, नवा आणेपर्यंत. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, आधी हेड कुठे आणि केवढ्याला मिळतं ते बघा, ब्रश नंतर. दांडा दोघांत एकच पुरतो. हेडच्या बुडाशी रंगीत कडी असते, वहिनींची एका रंगाची, तुमची दुसऱ्या. वापरून झालं की हेड काढून दोन्ही धुवा आणि दांड्याची मान कोरडी पुसा. नाहीतर तिथे काळा बुळबुळीत थर साचतो. बॅटरी आत बंद असते, ती बहुतेक ब्रशमध्ये बदलता येत नाही, त्यामुळे पाणी आत गेलं की दांडाच जातो.

घासायचं कसं, हे तुम्हाला अवघड जाणार आहे, वहिनींना नाही. ६० वर्षांची खसाखसा करायची सवय विसरायची आहे. पेस्ट मटाराएवढी, फ्लोराइडची. ब्रश तोंडात गेल्यावरच बटण दाबा, नाहीतर आरसा आणि सदरा दोन्ही पांढरे होतील. हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे टेकवा, दोन-तीन सेकंद स्थिर धरा, मग पुढच्या दातावर जा. हात घासणार नाही, फक्त सरकवणार. पहिले चार-पाच दिवस नाकात गुदगुल्या होतात, काही साफ झालंय असंही वाटणार नाही. जिभेने दातांची पाठ चाचपून बघा, गुळगुळीत लागेल. शेवटी थुंका, पण खळखळून चुळा भरू नका, फ्लोराइड थोडं राहू द्या.

नातवंडं आली की रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाणं होणारच. गराडू, भुट्ट्याचा कीस, वर रबडी, आणि घरी आल्यावर बडीशेप-सुपारी. जरूर जा, मीही जाते. पण परतल्यावर बारा वाजले असले तरी ब्रश करूनच झोपा. झोपेत लाळ जवळजवळ आटते आणि गोड रात्रभर दातांना चिकटून राहतं. सकाळचा एखादा ब्रश हुकला तर मी काही म्हणणार नाही, रात्रीचा मात्र हुकवू नका.

दोन दातांच्या फटीत कुठलाच ब्रश शिरत नाही. वहिनींना दोरा ओढणं जमणार नाही, म्हणून दांडी असलेले बारीक फटींचे ब्रश घ्या, माप डॉक्टरांकडून ठरवून. आणि ब्रश घ्यायच्या आधी त्यांना तपासून आणा, ही माझी विनंती आहे. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहायला अडचण येते. रक्त येतंय म्हणजे शरीर हाक मारतंय. मुलाचा हट्ट मोडू नका. त्याच्या १८ हजारांतून एक साधा चांगला ब्रश, दोन वर्षांची हेडं आणि तुम्हा दोघांची दातांची सफाई, एवढं सगळं होऊन पैसे उरतील. त्याला हे पान वाचायला द्या.

प्रश्न : बहिणीने अमेरिकेहून इलेक्ट्रिक ब्रश पाठवला आहे. चार्जरच्या पिना चपट्या आहेत. अॅडाप्टर लावून चालेल का? — सौ. अ. के., लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : लावण्याआधी चार्जर उलटा करा. बुडाशी बारीक अक्षरांत व्होल्ट लिहिलेले असतात. १०० ते २४० लिहिलं असेल तर साधा पिना बदलणारा अॅडाप्टर पुरे. नुसतं ११० ते १३० असेल तर अजिबात लावू नका. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आहे, आणि तो अॅडाप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्ट नाही. अशा वेळी त्याच कंपनीचा इथला चार्जर घ्यावा, पण दांडा दुकानात नेऊन, त्यावर बसवून, दिवा लागतो का ते पाहून. आणि बहिणीने पाठवलेली हेडं संपायच्या आत ती इथे मिळतात का तेही त्याच फेरीत विचारून या.